फलक सर्वांत शेवटी : नव्या गावात वकिली उभी करण्याचा क्रम

सनद घेऊन तालुक्याच्या गावी वकिली सुरू करायला येणारे तरुण वकील दरवर्षी भेटतात, आणि त्यांतील बहुतेकांनी कामांचा क्रम उलटा लावलेला असतो. आधी गाळा भाड्याने घेतला जातो, मग फलक रंगवला जातो, उद्घाटनाचे पेढे वाटले जातात, आणि त्यानंतर त्या न्यायालयाचा दैनंदिन बोर्ड, म्हणजे त्या दिवशी चालणाऱ्या प्रकरणांची यादी, पहिल्यांदा वाचला जातो. सहा महिन्यांत अनामत रक्कम भाड्यात वळती होते आणि गाव सोडण्याची भाषा सुरू होते. मी स्वतः चौदा वर्षांपूर्वी पुण्याहून सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आलो. घरात कोणी वकील नव्हते, गावात ओळख नव्हती, आणि पुढे सांगितलेल्या चुकांपैकी निम्म्या मी केल्या आहेत. हा लेख महाराष्ट्रातल्या तालुका न्यायालयात स्वतःच्या पायावर उभे राहू पाहणाऱ्यांसाठी आहे. टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने पार पाडावेत.

टप्पा १ : गाव ठरवण्याआधी बोर्ड वाचा

गावाची लोकसंख्या, बाजारपेठ किंवा मामाचे घर पाहून गाव ठरवू नये. ‘ई-कोर्ट्स सर्व्हिसेस’ या ॲपवर कोणत्याही तालुका न्यायालयाचा दैनंदिन बोर्ड घरबसल्या दिसतो. ज्या दोन-तीन गावांचा विचार आहे त्यांचे बोर्ड पंधरा दिवस रोज पाहावेत आणि कामांची वर्गवारी एका वहीत मांडावी. ‘आरसीएस’ म्हणजे नियमित दिवाणी दावे किती, ‘आरडी’ म्हणजे दरखास्ती (निकालाच्या अंमलबजावणीचे अर्ज) किती, ‘एससीसी’ म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटले किती आणि त्यांत धनादेश न वटल्याच्या फिर्यादी किती, पोटगीचे व कौटुंबिक हिंसाचाराचे अर्ज किती, एवढे मोजले तरी गावाचे पोट कळते. बागायती पट्ट्यात वाटपाचे आणि मनाईचे दावे बोर्ड भरून असतात. पतसंस्थांच्या गावात धनादेशाच्या फिर्यादी. महामार्गालगतच्या गावात अपघातांची प्रकरणे, पण ती मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे चालतात आणि ते प्रत्येक तालुक्याच्या गावी नसते, हे विसरू नये.

यानंतर गावी जाऊन निदान चार दिवस न्यायालयात मागच्या बाकावर बसावे. तिथे फक्त दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी आहेत, की वरिष्ठ स्तर आणि अतिरिक्त सत्र न्यायालयही आहे, हे पाहावे. तहसील कार्यालय, प्रांत कार्यालय, दुय्यम निबंधक आणि भूमी अभिलेख ही चार ठिकाणे न्यायालयापासून किती अंतरावर आहेत आणि प्रांताधिकारी अपिलांच्या सुनावण्या कोणत्या वारी घेतात, हेही विचारून घ्यावे, कारण पहिल्या दोन वर्षांत तुमचे निम्मे पाय या चार कार्यालयांतच झिजणार आहेत. मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाल्यापासून कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांचा वरच्या न्यायालयाचा रस्ता बदलला आहे. या जिल्ह्यांत बसणार असाल तर कोल्हापूरला काम पाहणाऱ्या एखाद्या विश्वासू वकिलाशी आरंभीच परिचय करून ठेवावा.

इशारा : “इथे वकील कमी आहेत, म्हणून वाव आहे” हा हिशेब फसवा असतो. वकील कमी असण्याचे कारण पुष्कळदा काम कमी असणे हेच असते.

टप्पा २ : कागद पुरे करा

हा टप्पा कंटाळवाणा आहे, म्हणून थोडक्यात. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ खाली बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदलेली सनद दोन्ही राज्यांत चालते. जिल्हा बदलला म्हणून नवी नोंदणी लागत नाही. दुसऱ्या राज्याच्या बार कौन्सिलची सनद असेल तर याच कायद्याच्या कलम १८ खाली नाव वर्ग करून घ्यावे. सनद अजून घ्यायची असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या ३० जुलै २०२४ च्या निकालाप्रमाणे कायद्यात लिहिलेल्या ७५० रुपयांपेक्षा, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून १२५ रुपयांपेक्षा, जास्त नोंदणी शुल्क मागता येत नाही. मुद्रांक शुल्क त्याहून वेगळे.

अखिल भारतीय बार परीक्षा नोंदणीनंतर दोन वर्षांत उत्तीर्ण व्हावी लागते. पुष्कळ जण “आधी बस्तान बसवू, मग परीक्षा” म्हणतात आणि दोन वर्षे कधी सरली ते त्यांना कळत नाही. परीक्षा आधी द्यावी. स्थानिक वकील संघाचे सभासदत्व घ्यावे, पूर्वी दुसऱ्या गावच्या संघात असाल तर हा बदल बार कौन्सिलला लगेच लेखी कळवावा, आणि त्या पत्राची पोच जपून ठेवावी.

टप्पा ३ : एका ज्येष्ठ वकिलाच्या कार्यालयात दोन वर्षे

हा टप्पा गाळणारे सर्वांत जास्त आहेत. नव्या गावात तुम्हाला कायदा ठाऊक असतो, पण गाव ठाऊक नसते, आणि तालुका न्यायालयात दोन्ही लागतात. कोणत्या मंडलातल्या फेरफाराच्या नोंदी वादात पडतात, समन्स बजावणाऱ्या कोणत्या बेलिफाकडे कोणती गावे आहेत, न्यायालयाचे कार्यालय सांभाळणारे शिरस्तेदार कोणत्या त्रुटीसाठी दावा परत करतात, नक्कल विभागात अर्ज किती वाजेपर्यंत घेतात, या गोष्टी कोणत्याही पुस्तकात नाहीत.

ज्येष्ठ निवडताना नावापेक्षा कामाचे स्वरूप पाहावे. ज्यांच्याकडे पुरावा प्रत्यक्ष चालतो, म्हणजे सरतपासाची (आपल्याच साक्षीदाराच्या जबाबाची) शपथपत्रे तयार होतात आणि उलटतपास घेतला जातो, त्यांच्याकडे जावे. ज्यांच्याकडे गर्दी मोठी पण बहुतेक काम मुदतीच्या अर्जांचे, तिथे दोन वर्षांत फक्त मुदत मागायला शिकाल. रुजू होण्याआधी तीन गोष्टी नम्रपणे, पण स्पष्ट विचारून घ्याव्यात : महिन्याला काही मानधन आहे का, स्वतःचा पक्षकार आला तर त्याचे वकीलपत्र स्वतःच्या नावाने दाखल करता येईल का, आणि त्या पक्षकाराला भेटायला याच कार्यालयातली जागा वापरता येईल का. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकात कनिष्ठ वकिलांना शहरी भागात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली आहे. ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि तालुक्याच्या गावी तेवढे देणारे फारसे भेटणार नाहीत. म्हणून किमान वर्षभराचा जेवण-खोलीचा खर्च गाठीला बांधूनच यावे.

गावात पहिल्याच आठवड्यात वकील संघाच्या अध्यक्षांना, सरकारी वकिलांना आणि संघातल्या चार-पाच ज्येष्ठांना भेटून यावे. बार रूममध्ये खुर्च्यांच्या जागा लिहून ठेवलेल्या नसल्या तरी ठरलेल्या असतात. पहिल्याच दिवशी खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीवर बसलो आणि त्या खुर्चीवर तीस वर्षे बसणारे आबासाहेब दारात उभे राहिले, तो क्षण मी अजून विसरलेलो नाही. बसण्याआधी विचारावे.

तपासणी : तुमचे ज्येष्ठ गैरहजर असताना त्यांच्या वतीने कोणत्या प्रकरणात बोलायचे आणि कोणत्यात फक्त मुदत मागायची, हे आदल्या संध्याकाळी लिहून घेतले आहे का?

टप्पा ४ : मुदतींची वही

या टप्प्यावर मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण नव्या वकिलाची वकिली युक्तिवादात बुडत नाही, चुकलेल्या तारखेत बुडते. बाजारात मिळणारी वकिलांची डायरी सगळेच वापरतात. तिच्यात पुढची तारीख लिहिली जाते. कायद्याने घातलेली मुदत तिच्यात लिहिलेली नसते, आणि पक्षकाराचे कायमचे नुकसान करते ती ही दुसरी.

माझे उदाहरण देतो. वाटपाच्या दाव्यातला एक प्रतिवादी समन्स घेऊन आला. समन्सवर पुढची तारीख दोन महिन्यांनंतरची होती. मी ती डायरीत लिहिली, वकीलपत्र घेतले आणि निर्धास्त झालो. समन्स बजावले कधी, हे विचारलेच नाही. त्या तारखेला हजर झालो, मुदत मागितली, मिळाली. पुढच्या तारखेला न्यायाधीश रजेवर. आणि त्यानंतरच्या तारखेला बेलिफाचा अहवाल वाचून ‘नो डब्ल्यूएस’चा, म्हणजे कैफियतीविना (प्रतिवादीच्या लेखी उत्तराविना) दावा पुढे चालवण्याचा, हुकूम झाला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८, नियम १ प्रमाणे कैफियत समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते आणि कारणे नोंदवून ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढते. माझे मोजमाप समन्सवरच्या तारखेपासून सुरू झाले होते, कायद्याचे त्याच्या कितीतरी आधी. व्यापारी दावा नसल्यामुळे अर्ज देऊन, खर्च भरून तो हुकूम रद्द करून घेता आला. खर्चाचे पैसे मी माझ्या खिशातून भरले आणि त्याच दिवशी लांबट आकाराची एक स्वतंत्र वही विकत आणली.

त्या वहीत प्रत्येक प्रकरणासाठी चार रकाने असावेत : मुदत कोणत्या घटनेपासून सुरू झाली, ती घटना सिद्ध करणारा कागद कोणता, शेवटचा दिवस कोणता, आणि काम प्रत्यक्ष संपवण्याचा आपला दिवस कोणता. चौथा रकाना तिसऱ्याच्या किमान आठ दिवस आधीचा असावा.

धनादेशाचे उदाहरण घेऊन वही कशी भरावी ते पाहू. पक्षकाराला बँकेकडून धनादेश न वटल्याचा मेमो ६ जानेवारीला मिळाला. नोटीस त्यानंतर ३० दिवसांत, म्हणजे ५ फेब्रुवारीपर्यंत पाठवायला हवी. वहीतला आपला दिवस २० जानेवारी. नोटीस समोरच्याला १० फेब्रुवारीला मिळाली, तर पैसे देण्याचे त्याचे १५ दिवस २५ फेब्रुवारीला संपतात. फिर्यादीचे कारण २६ तारखेला घडते आणि तिथून एका महिन्याच्या आत फिर्याद दाखल व्हायला हवी; वहीतला आपला दिवस १५ मार्च. इथे दोन प्रकारच्या चुका होतात. एक, उशीर. दुसरी, घाई : १५ दिवस पुरे होण्याआधीच दाखल केलेली फिर्याद अवेळी ठरते आणि टिकत नाही. नव्या गावात तिसरी चूक हमखास होते, ती म्हणजे न्यायालयाची. धनादेश खात्यात जमा करायला टाकला असेल, तर पक्षकाराचे खाते ज्या शाखेत आहे त्या शाखेच्या हद्दीतल्या न्यायालयातच फिर्याद द्यावी लागते. पक्षकार तुमच्या तालुक्यातला असला तरी खाते शेजारच्या तालुक्यात असू शकते, म्हणून पासबुकाचे पहिले पान पाहिल्याशिवाय फिर्याद टाइप करायला देऊ नये.

वहीच्या पहिल्या पानावर नेहमी लागणाऱ्या मुदती लिहून ठेवाव्यात. दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपील ३० दिवसांत. मंडल अधिकारी किंवा तहसीलदारांच्या आदेशावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखालचे अपील ६० दिवसांत. शेतरस्ता अडवल्याचा मामलेदार न्यायालय कायद्याखालचा दावा अडथळ्यापासून सहा महिन्यांत. शेजाऱ्याने रस्ता नांगरला हे सांगायला शेतकरी बहुधा पाचव्या महिन्यात येतो, तोवर गावातले समझोते चाललेले असतात. अटकेतल्या आरोपीच्या प्रकरणात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ प्रमाणे ६० वा आणि ९० वा दिवस, पहिल्या कोठडीचा दिवस धरून मोजलेला, कारण तोवर दोषारोपपत्र आले नाही तर त्या कारणावर जामीन मागता येतो. दोषारोपपत्र आल्यानंतर दिलेला या कारणावरचा जामीन अर्ज निरुपयोगी असतो, त्यामुळे तो दिवस उजाडण्याआधी अर्जाचा मसुदा तयार हवा.

इशारा : अपिलाच्या मुदतीतून सहीशिक्क्याची नक्कल मिळायला लागलेला वेळ वगळला जातो, पण तो नक्कल अर्जाच्या तारखेपासून. निकाल लागला त्याच दिवशी, पक्षकार अपील करणार की नाही याची वाट न पाहता, नक्कल अर्ज द्यावा.

तपासणी : रोज संध्याकाळी ॲपवर सीएनआर क्रमांक (प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकून पुढची तारीख डायरीशी ताडून पाहावी. पुकाऱ्याच्या गोंधळात ‘चोवीस’ आणि ‘चौतीस’ सारखेच ऐकू येते. महिन्याला चौतीस दिवस नसतात म्हणून ही चूक सापडते, ‘सोळा’ आणि ‘सतरा’ची सापडत नाही.

टप्पा ५ : पहिला पक्षकार

पक्षकार येतो तो प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन. सातबारा, कर्जाची पावती, लग्नपत्रिका, जुन्या वकिलांनी दिलेली पुसट झेरॉक्स, सगळे एकत्र. पिशवीला हात लावण्याआधी एक प्रश्न विचारायचा : समोरच्या बाजूला कोण आहे? लहान गावात हा प्रश्न सौजन्याचा नाही, बंधनाचा आहे. दोन भावांपैकी धाकटा सोमवारी सल्ला घेऊन गेलेला असतो आणि थोरला गुरुवारी येतो, आणि आडनाव गावातल्या अर्ध्या घरांचे तेच असल्यामुळे आपल्या लक्षात येत नाही. ज्या प्रकरणात एका बाजूला सल्ला दिला त्यात दुसऱ्या बाजूने उभे राहता येत नाही, हा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम आहे. भेटीला येणाऱ्या प्रत्येकाचे नाव, गाव, गट क्रमांक आणि विरुद्ध पक्षाचे नाव एका नोंदवहीत लिहावे, काम घेतले नाही तरी लिहावे, आणि नवा माणूस आला की आधी ती वही चाळावी. गट क्रमांक मुद्दाम लिहावा. माणसे आडनावांत हरवतात, जमीन गट क्रमांकावर सापडते.

दुसरा प्रश्न : यापूर्वी या कामात कोणी वकील आहेत का? असतील तर त्यांच्या लेखी संमतीशिवाय वकीलपत्र दाखल करू नये. संमती मिळत नसेल तर कारणे देऊन न्यायालयाची परवानगी मागावी. नव्या गावात ही चूक केवळ नियमाची राहत नाही. जुन्या वकिलांना न विचारता त्यांच्या प्रकरणात वकीलपत्र टाकणाऱ्या नवख्याकडे बार रूममध्ये पुढचे वर्षभर कोणी चहासाठी पाहत नाही. आणि अशा पक्षकाराकडे तसेही सावधपणे पाहावे. ज्याने तीन वकील बदलले तो चौथाही बदलतो.

त्यानंतर हकीकत ऐकावी, मध्ये न बोलता. हकीकत संपल्यावर कागद तारखेच्या क्रमाने लावावेत आणि जिथे हकीकत व कागद जुळत नाहीत तिथे पेन्सिलीने खूण करावी. मूळ कागद ठेवून घ्यायचे असतील तर यादी दोन प्रतींत करून दोघांच्या सह्या घ्याव्यात. शक्यतो झेरॉक्स ठेवून मूळ परत द्यावेत. फी थकली म्हणून फाइल अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच स्पष्ट केले आहे, तरी गावोगाव फाइली अडकलेल्या असतात. तुम्ही अडवू नका, आणि तुमच्या पक्षकाराची फाइल कोणी अडवली असेल तर भांडण न करता हा निकाल नम्रपणे दाखवा.

वकीलपत्र सही घेण्यापूर्वी पूर्ण भरलेले असावे : न्यायालय, प्रकरण क्रमांक, पक्षकारांची नावे, आपला पत्ता, मोबाइल, सनद क्रमांक. अंगठा असेल तर तो कोणाचा आहे हे ओळखणाऱ्याची सही घ्यावी. न्यायालय मुद्रांक आणि वकील कल्याण निधीचा मुद्रांक लावून मगच दाखल करावे.

इशारा : “साहेब, कोऱ्यावर सही करून ठेवतो, लागेल तिथे वापरा” असे पक्षकार प्रेमाने म्हणतो. कोऱ्या कागदावर एकही सही ठेवून घेऊ नये.

जमिनीचे काम असेल तर दोन गोष्टी अधिक. सातबारावरचे नाव म्हणजे मालकी नव्हे, हे पक्षकाराला पहिल्याच भेटीत समजावून सांगावे. फेरफाराचा वाद महसूल कार्यालयात आणि मालकीचा वाद दिवाणी न्यायालयात, अशी विभागणी त्याला कळली नाही तर तो दोन्हीकडे एकच तक्रार करत फिरतो. आणि मिळकतीवर स्वतः जाऊन यावे. दाव्यातल्या चतुःसीमा जुन्या खरेदीखतावरून उतरवण्याची प्रथा आहे. खरेदीखत ३० वर्षांपूर्वीचे, पूर्वेकडच्या गटाचा मालक वारला, त्याच्या मुलांनी तो विकला, उत्तरेचा ओढा कालव्याच्या कामात वळवला गेला, आणि दाव्यात मात्र जुनीच सीमा. तुमच्या पक्षकाराला मनाई मिळालीच तर ती कोणत्या जमिनीवर मिळाली हेच कोणाला सांगता येत नाही. जाताना गटाचा नकाशा, पाणी आणि बूट घेऊन जावे. काळ्या रानात चपला टिकत नाहीत.

टप्पा ६ : मसुदा मराठीत

महाराष्ट्रातल्या दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना २१ जुलै १९९८ ची आहे. इंग्रजीत शिकून आलेले वकील तरीही आधी इंग्रजीत मसुदा करतात आणि मग टायपिस्टच्या मदतीने त्याचे मराठी करतात. त्यातून ‘वादी हा दावा मिळकतीच्या शांततापूर्ण कब्जाच्या आनंदात आहे’ अशी वाक्ये जन्माला येतात. निकाली निघालेल्या दहा दाव्यांच्या नकला ज्येष्ठांच्या कपाटातून काढून हाताने लिहून पाहाव्यात. ‘दावा मिळकत’, ‘वहिवाट’, ‘तोंडी वाटप’, ‘निशाणी ५ चा अर्ज’, ‘पुरशिस’, ‘दरखास्त’ हे शब्द कुठे आणि कसे बसतात हे महिनाभरात हाताला कळते. कायद्याची कलमे मात्र नव्याने तपासावीत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम लागू आहेत, आणि जुन्या नमुन्यांत अजूनही दंड संहितेचीच कलमे आहेत. त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्याला जुने कलम आणि नंतरच्या गुन्ह्याला नवे, हे प्रत्येक अर्जात पाहावे लागते.

टप्पा ७ : फी, पावती आणि पक्षकाराचा पैसा

फी पहिल्या भेटीच्या शेवटी, आकड्यात आणि कागदावर सांगावी : एकूण किती, कोणत्या टप्प्याला किती, आणि त्यात काय धरलेले नाही. न्यायालयीन शुल्क, टायपिंग, नक्कल आणि प्रवास हे फीमध्ये नाहीत, हे वेगळ्या ओळीत लिहावे. “तुम्हाला योग्य वाटेल ते द्या” असे म्हणणारा वकील सहा महिन्यांनी पक्षकारावर चिडलेला असतो आणि पक्षकाराला त्याचे कारणच ठाऊक नसते.

निकाल लागल्यावर मिळणाऱ्या रकमेतला किंवा जमिनीतला हिस्सा फी म्हणून ठरवता येत नाही. भरपाईच्या प्रकरणांत “दहा टक्के देतो” हा प्रस्ताव पक्षकाराकडूनच येतो, तो तिथेच नाकारावा. पक्षकाराला दाव्यासाठी उसने पैसे देऊ नयेत. ज्या दरखास्तीत आपण वकील आहोत तिच्यातल्या लिलावात मिळकत घेऊ नये.

पक्षकाराचा पैसा आणि आपला पैसा यांची सरमिसळ हा शिस्तभंगाच्या तक्रारींकडे नेणारा सर्वांत सरळ रस्ता आहे. न्यायालयीन शुल्कासाठी घेतलेले पैसे त्याच दिवशी भरावेत. तडजोडीची किंवा भरपाईची रक्कम हाती आली तर पक्षकाराला लगेच कळवावे आणि तिचा हिशेब वेगळा ठेवावा. बँकेत दोन खाती उघडावीत, पावतीपुस्तक छापून घ्यावे, आणि ५०० रुपये रोख मिळाले तरी पावती फाडावी. व्यवसाय कराची वर्षाला २,५०० रुपयांची नोंदणी आणि आयकर विवरणपत्र पहिल्या वर्षापासून सुरू करावे. पुढे घरासाठी कर्ज मागायला जाल तेव्हा बँक तीन वर्षांची विवरणपत्रे मागते आणि तेव्हा मागची सहजासहजी भरता येत नाहीत.

तपासणी : महिनाअखेर पावतीपुस्तक, बँकेचे पासबुक आणि प्रकरणांची यादी समोरासमोर ठेवून पाहावी. कोणत्या पक्षकाराचे किती पैसे आपल्याकडे आहेत, हे दहा मिनिटांत सांगता यायला हवे.

कामे येईपर्यंतच्या काळात तालुका विधी सेवा समितीकडे विधी सेवा वकिलांच्या यादीसाठी अर्ज करावा. मानधन थोडे असते, पण उलटतपास स्वतः घ्यायला मिळतो आणि न्यायाधीशांना तुमची तयारी दिसते. गावात काम मिळवून देणारे दलालही भेटतील, पोलीस ठाण्याच्या बाहेर आणि मुद्रांक विक्रेत्यांच्या टपऱ्यांजवळ. त्यांच्याकडून एकही पक्षकार घेऊ नये. ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये २०२३ च्या दुरुस्तीने अशा दलालांची यादी प्रसिद्ध करण्याची तरतूद झाली आहे, आणि यादी होण्याच्या कितीतरी आधी गाव तुम्हाला त्यांच्याबरोबर मोजायला लागलेले असते.

टप्पा ८ : आता कार्यालय आणि फलक

स्वतःची पंधरा-वीस प्रकरणे चालू झाली आणि ज्येष्ठांची संमती मिळाली की मगच जागा पाहावी. न्यायालयापासून पायी दहा मिनिटांत, शक्यतो तळमजल्यावर, कारण जमिनीच्या दाव्यांतले निम्मे पक्षकार साठीच्या पुढचे असतात. आतली खोली अशी हवी की बाहेरच्या बाकावर बसलेल्याला आतले बोलणे ऐकू जाणार नाही. कुलूप लागणारे लोखंडी कपाट, टेबल, चार खुर्च्या, प्रिंटर; यापलीकडे काही घेऊ नये. कायद्यांच्या पुस्तकांनी भरलेली काचेची कपाटे हप्त्यावर आणणारे मी पाहिले आहेत. पुस्तके उघडलेली पाहिलेली नाहीत.

फलक बेताच्या आकाराचा असावा आणि त्यावर नाव, पदवी, ‘वकील’, पत्ता आणि दूरध्वनी एवढाच मजकूर असावा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ प्रमाणे फलकावर किंवा कागदावर आपण कोणत्या संघाचे पदाधिकारी आहोत, किंवा कोणत्या विशिष्ट कामातले तज्ज्ञ आहोत, असे लिहिता येत नाही. जाहिरात, परिपत्रके, प्रकरणाच्या संदर्भात वर्तमानपत्रात छायाचित्र छापून आणणे, हेही याच नियमात बसते. उद्घाटनाच्या दिवशी मित्रमंडळ चौकात तुमच्या छायाचित्रासह अभिनंदनाचा फ्लेक्स लावायला उत्सुक असते. त्यांना आठवडाभर आधीच हात जोडून थांबवावे, कारण फ्लेक्स कोणी लावला हे नंतर सांगत बसावे लागते.

रंगाऱ्याला मजकूर तोंडी सांगू नये, कागदावर लिहून द्यावा. माझ्या रंगाऱ्याने नावाखाली स्वतःच्या मनाने ‘दिवाणी, फौजदारी व महसूल तज्ज्ञ’ असे लिहून बाजूला तराजू काढला होता. ‘तज्ज्ञ’ची ओळ पुसायला त्याने दोनशे रुपये जास्तीचे घेतले, तराजू तसाच राहिला.